रीमाउंट केल्यावर फाइलच्या वेळेतले नॅनोसेकंद गायब: फाइलसिस्टिम मॉड्यूलमध्ये चूक कुठे?

प्रश्न (इनोडवाला):
लिनक्स ६.८ वरचं मॉड्यूल. डिस्कवर एमटाइमसाठी (फाइल शेवटची बदलल्याची वेळ) फक्त ३२ बिट आहेत, साइन्ड (ऋण आकडेही धरणारे) सेकंद. फाइल लिहिल्यावर स्टॅट (फाइलच्या वेळा दाखवणारी कमांड) १०:१५:४२.७३१ दाखवतो, रीमाउंटनंतर १०:१५:४२.०००. त्यामुळे मेक (फाइलच्या वेळा बघून बिल्ड करणारं साधन) कधीकधी विनाकारण पुन्हा कंपाइल करतो. शिवाय १९७० च्या आधीची तारीख दिली की २१०६ साल दिसतं.

कर्नलखोर:
मेमरीतला इनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) डिस्कपेक्षा जास्त बारीक वेळ धरून बसलाय. कॅशमधून निघाला की अपूर्णांक गेला. फिल_सुपरमध्ये (माउंट करताना चालणारं फंक्शन) एस_टाइम_ग्रॅन बघा, म्हणजे वेळेची ग्रॅन्युलॅरिटी, सर्वांत लहान माप, नॅनोसेकंदांत; बहुतेक १ असेल. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिममधून उचललेली ओळ असावी. तिथे २५६ बाइटांच्या इनोडात नॅनोसेकंदांना ३० बिट आहेत, म्हणून १ चालतं. तुमच्याकडे १०००००००००च हवं. अ‍ॅलॉक_सुपर हे कर्नलचं फंक्शन मुळात तेच देतं, तेव्हा ती ओळ काढली तरी पुरे.

पण एवढ्यावर थांबू नका. केटाइम_गेट_रिअल_टीएस६४ ची (घड्याळातली, नॅनोसेकंदांपर्यंतची) वेळ थेट इनोडमध्ये भरली असेल, तर ग्रॅन्युलॅरिटी लागूच होत नाही. क्रिएट, लिंक, अनलिंक, रीनेम सगळं ग्रेप करा (कोडमध्ये शोधा) आणि तिथे आयनोड_सेट_सीटाइम_करंट वापरा. रीनेममध्ये दोन्ही डिरेक्टरींचे एमटाइम हमखास विसरले जातात.

बिटमोजणी:
२१०६ चं कारण वेगळं. डिस्कवरचा आकडा वाचणारं एलई३२_टू_सीपीयू अनसाइन्ड (ऋण नसलेला) आकडा देतं. तो ६४ बिटांत गेला की −१ चे ४२९४९६७२९५ होतात, म्हणजे ७ फेब्रुवारी २१०६. वाचताना आधी एस३२ मध्ये (३२ बिटांचा साइन्ड प्रकार) कास्ट करा. सोबत एस_टाइम_मिन आणि एस_टाइम_मॅक्स (चालणारी सर्वांत जुनी आणि सर्वांत पुढची वेळ) ला एस३२ च्या सीमा द्या, नाहीतर २०३८ नंतरची वेळ डिस्कवर लिहिताना गुंडाळून १९०१ ला जाईल. सीमा दिल्या की कर्नल तिथेच अडवतो.

इनोडवाला:
ग्रॅन १ च होतं, काढलं. तपासायचं कसं? दर वेळी रीमाउंट?

कर्नलखोर:
गरज नाही. सिंक करा, ड्रॉप_कॅशेस मध्ये (कर्नलचे कॅश रिकामे करणारी फाइल) ३ लिहा, पुन्हा स्टॅट घ्या. फाइल कुठे उघडी नको, नाहीतर इनोड कॅशमध्येच राहतो. मग एक्सएफएसटेस्ट्स या फाइलसिस्टिम चाचण्यांच्या संचातल्या जेनेरिक/२५८ (१९७० आधीच्या तारखा) आणि जेनेरिक/४०२ (सीमा) चालवा.

बिटमोजणी:
हाताने तपासताना टीझेड (टाइमझोन) यूटीसी ठेवा. −१ सेकंद भारतीय वेळेत १ जानेवारी १९७०, ०५:२९:५९ दिसतो आणि तारीख बरोबर आहे की चूक ते पटकन कळत नाही.