थायलंडमधला गर्भपात: कायद्याने मुभा दिली, पहिल्या शीलाने अडवली का?

वेरमणी:
थायलंडच्या घटना न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दंडसंहितेचं कलम ३०१ घटनाबाह्य ठरवलं. या कलमाखाली गर्भपात करवून घेणाऱ्या बाईला तीन वर्षांपर्यंत कैद होती. ७ फेब्रुवारी २०२१ पासून सुधारित कायदा आला: १२ आठवड्यांपर्यंत बाईने सांगितलं की पुरे, कारण द्यावं लागत नाही. १२ ते २० आठवड्यांसाठी आधी तपासणी आणि समुपदेशन, त्याचे नियम ऑक्टोबर २०२२ मध्ये लागू झाले. आरोग्याला धोका, गर्भातलं गंभीर व्यंग किंवा लैंगिक अत्याचार असेल, तर कलमात आठवड्यांची अट नाही.

कागदावर हे आपल्यापेक्षा मोकळं आहे. तरी ७७ प्रांतांपैकी अनेक ठिकाणी सरकारी रुग्णालयात ही सेवा मिळत नाही आणि नकाराचं कारण बहुतेकदा एकच शब्द असतो, 'बाप'. थाई भाषेत पापाला बाप म्हणतात, पुण्याला बुन.

डॉक्टरने स्वतः हात लावायचा नसेल तर नको लावू दे. पण बाईला माघारी पाठवणं हा शीलाचा भाग नाही, असं माझं म्हणणं आहे. पहिलं शील विहारात आपण म्हणतो, 'पाणातिपाता वेरमणि सिक्खापदं समादियामि', म्हणजे जीव घेण्यापासून दूर राहण्याची शिकवण मी ग्रहण करतो. यातलं शेवटचं क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी आहे. मी ग्रहण करतो, एवढंच. दुसऱ्याने ग्रहण करावं म्हणून मी त्याची वाट अडवतो, असा अर्थ त्यातून निघत नाही.

सिक्खापद:
व्याकरण मान्य. पण धम्माची बाजू तुम्ही फार हलकी करून मांडली आहे.

विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमावलीत, तिसऱ्या पाराजिकात (सर्वांत गंभीर दोषांपैकी एक) माणसाचा जीव घेण्याबद्दल सांगताना गर्भ पाडण्याचा वेगळा, स्पष्ट उल्लेख आहे. असं करणारा भिक्खू संघाबाहेर जातो. विनयाच्याच महावग्ग या भागात कुमारकस्सप या भिक्खूच्या उपसंपदेचा, म्हणजे पूर्ण दीक्षेचा, प्रसंग आहे. त्यासाठी लागणारी वीस वर्षं पूर्ण झाली की नाहीत, हा प्रश्न आला तेव्हा वय गर्भात पहिलं चित्त उत्पन्न झालं तिथपासून मोजायचं ठरलं. म्हणजे परंपरेच्या लेखी जीव कधी सुरू होतो, याबद्दल संदिग्धता नाही.

अट्ठकथांनी, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकांनी, पाणातिपाताची पाच अंगं सांगितली आहेत: प्राणी असणं, तो प्राणी आहे याची जाणीव, मारण्याचं चित्त, प्रयत्न आणि त्यातून मरण. शीलावर श्रद्धा असलेल्या डॉक्टरच्या बाबतीत पाचही भरतात. संसदेने कलम बदललं म्हणून यातलं एकही अंग गळून पडत नाही. १९८१ मध्ये थायलंडच्या कनिष्ठ सभागृहाने गर्भपाताला सवलत देणारं विधेयक मंजूर केलं आणि वरिष्ठ सभागृहाने ते फेटाळलं, तेव्हा पुढे राजकारणात गाजलेले लष्करी अधिकारी चामलाँग श्रीमुआंग यांनी त्याविरोधात आघाडी उघडली होती. त्या विरोधामागे प्रामाणिक श्रद्धा होती, तिला मागासलेपण म्हणू नये.

ओपीडी:
तत्त्वाच्या वादात आठवड्यांचा हिशेब मागे पडतोय आणि नुकसान नेमकं तिथेच होतं.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंधाच्या दिवसापासून नाही. २८ दिवसांचं चक्र असलेल्या बाईची पाळी दोन आठवडे लांबली, तर त्या दिवशी सहा आठवडे झालेले असतात. चाचणी आणि मनाची तयारी यांत आणखी दोन. पहिल्या रुग्णालयात 'इथे होत नाही', दुसऱ्यात 'सोनोग्राफी करून पुढच्या सोमवारी या', सोमवारी संबंधित डॉक्टर रजेवर. दहा आठवडे झाले. अजून एक फेरी झाली की बाई १२ ओलांडते आणि तिचा कायद्यातला रकानाच बदलतो. १२ नंतर कायद्याच्या चौकटीबाहेर केलं तर आजही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० बाटपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

औषधाचं सांगायचं तर तिथे २०१४ च्या अखेरीस संयुक्त पाकीट नोंदलं गेलं: मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टोल २०० मायक्रोग्रॅमच्या चार. पहिली गोळी गिळायची, बाकीच्या चार २४ ते ४८ तासांनी. या गोळ्या नोंदणीकृत आरोग्य संस्थांमार्फतच मिळतात, औषधाच्या दुकानात नाहीत. रुग्णालयाने दार लावलं की बाई इंटरनेटवरच्या विक्रेत्याकडे जाते. तिथे पाकिटात नेमकं काय आहे ते कळत नाही, मात्रा अंदाजाने सांगतात आणि सोनोग्राफी झालेलीच नसते. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. रक्त मात्र जातं, बाईला वाटतं सुटलो, आणि आत नळी फुटते. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले तर थांबायचं नाही, थेट इस्पितळ गाठायचं, हे तो विक्रेता सांगत नाही.

वेरमणी:
सिक्खापद, पाराजिक भिक्खूंसाठी आहे. उपासक डॉक्टरला तो दंड लागू होत नाही.

आणि बंदीने काय साधलं तेही पाहा. नोव्हेंबर २०१० मध्ये बँकॉकच्या वात फाय न्गर्न या विहाराच्या शवागारात सुमारे दोन हजार गर्भ सापडले. बेकायदा दवाखान्यांतून ते दहनासाठी तिथे पोचवले जात होते. कलम ३०१ तेव्हा पूर्ण कडक होतं.

सिक्खापद:
दंड लागू नाही, कर्म लागू आहे. 'चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि', म्हणजे हेतूलाच मी कर्म म्हणतो, हे बुद्धवचन भिक्खूंपुरतं नाही.

फाय न्गर्नची घटना भयंकर होती. तिच्यावरून बंदी फसली असं म्हणता येईल, कृत्य निर्दोष ठरलं असं नाही. माझी अडचण आता एकाच ठिकाणी उरली आहे: नकार देणाऱ्या डॉक्टरने बाईला दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवताना द्यायची चिठ्ठी. विनयात दुसऱ्याला मरणासाठी प्रवृत्त करणंही दोषात धरलंय. मग चिठ्ठी देणारा डॉक्टर कुठे उभा राहतो?

नागभूमी:
दोन गोष्टी. 'गर्भ लहान, म्हणून पाप लहान' असं थायलंडमध्ये बरेचदा ऐकू येतं. अट्ठकथेत आकाराचा निकष जनावरांसाठी आहे. माणसाच्या बाबतीत ज्याचा जीव घेतला त्याचे गुण पाहिले जातात, ते सारखे असतील तर मारणाऱ्याच्या क्लेशांची (लोभ-द्वेषासारख्या मनोविकारांची) आणि प्रयत्नाची तीव्रता. घाबरलेल्या, एकट्या पडलेल्या बाईच्या बाजूने बोलायचं तर हा शेवटचा निकष धरा, आकाराचा नको.

दुसरं आपल्याकडचं. १९७१ चा कायदा आणि २०२१ ची दुरुस्ती धरूनही भारतात निर्णय डॉक्टरच्या मतावर चालतो: २० आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर, ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी २४ पर्यंत दोन. थायलंडमध्ये १२ आठवड्यांपर्यंत बाईचा शब्द चालतो. नागपुरातल्या बौद्ध बाईला शीलाने अडवल्याचं सहसा ऐकू येत नाही. १९३८ मध्येच बाबासाहेबांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला होता. तो गर्भपाताबद्दल नव्हता, पण बाळंतपणाची सक्ती बाईवर नसावी हा विचार आपल्याकडे तेव्हापासून घरातला आहे.

वेरमणी:
चिठ्ठीबद्दल. प्रवृत्त करणं म्हणजे नसलेली इच्छा निर्माण करणं. इथे बाई ठरवूनच आली आहे. थायलंडमध्ये १६६३ ही समुपदेशनाची फोनसेवा आहे, सुरक्षित गर्भपातासाठी एकमेकांकडे रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांचं जाळं आहे, आणि राष्ट्रीय आरोग्य विमा रुग्णालयाला प्रत्येक केसमागे ३,००० बाट देतो. हे सगळं तिच्यापासून लपवून ठेवणं, यात कुठली करुणा आहे ते मला खरंच समजत नाही.

ओपीडी:
त्या चिठ्ठीत काय असतं ते पाहू. शेवटच्या पाळीची तारीख. सोनोग्राफीची तारीख आणि त्या दिवशीचे आठवडे व दिवस. गर्भ गर्भाशयातच आहे की नाही. हिमोग्लोबिन, रक्तगट, आधीचं सिझेरियन, दमा किंवा रक्त पातळ करणारी औषधं. खाली सही. 'गर्भपात करावा' असं वाक्य त्यात नसतं. यातली सोनोग्राफीची ओळ नसेल तर पुढचं रुग्णालय पुन्हा तपासणी लावतं आणि आठवडा जातो.

सिक्खापद:
एवढंच असेल तर ती तपासणीची नोंद झाली, ती मी अडवणार नाही. त्याच दिवशी द्यावी, हेही मान्य. पण डॉक्टरने नकार दिला म्हणून त्याची बढती रोखायची किंवा बदली करायची, याला माझा विरोध राहील. आणि गर्भपातानंतर बाई विहारात येऊन संघदान करते, पाणी ओतून पुण्य त्या जिवाला वाटते, तेव्हा 'तसं काही नव्हतंच' असं तिला सांगू नका. तिच्या लेखी तिथे कोणीतरी होतं.

वेरमणी:
तसं तिला कोणी सांगू नये, यात मी तुमच्यासोबत आहे. तिला पाणी ओतू द्या. फक्त त्याआधी नवव्या आठवड्यात तिला रुग्णालय मिळू द्या. बढतीच्या मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे: जिल्ह्यात एकच स्त्रीरोगतज्ज्ञ असेल आणि तो नकार देणारा असेल, तर दुसरा नेमणं हे आरोग्य खात्याचं काम आहे, आणि त्यासाठी कधी बदली करावीच लागेल.