ग्राफीनची बाजू दुप्पट केली की उभं कंपन चौपट भरतंय, असं का?

खानापूरकर: 300 केल्विनला लॅम्प्समध्ये (अणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारा प्रोग्राम) ग्राफीन, म्हणजे कार्बनची एका अणूइतकी जाड चादर, चालवायलोय. मूळ टर्सॉफ पोटेन्शिअल (अणूंमधल्या बलांचं सूत्र), बंध 1.42 अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग) धरून सिम्युलेशनची चौकट पक्की, एकूण 50 पिकोसेकंद. बाजू 100 वरून 200 अँगस्ट्रॉम केली तर उभ्या दिशेचं सरासरी वर्ग-विस्थापन चौपट होतंय. द्विमितीत ते बाजूच्या लॉगनं (लॉगॅरिदमनं, म्हणजे फार सावकाश) वाढतं असं वाचलंय. चूक कुठं?

टिळकवाडी_भौतिकी: लॉगचा नियम प्रतलातल्या, म्हणजे चादरीच्या पातळीतल्या आडव्या कंपनाचा. उभ्या लहरींची वारंवारता तरंगसंख्येच्या (लहर जितकी लांब तितकी ती कमी) वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून लांब लहरी फार कमी ऊर्जेत उठतात. निव्वळ हार्मोनिक हिशोबात (लहरी एकमेकींवर परिणाम करत नाहीत असं धरून) चौपटच येतं. पण चादर वाकली की ताणलीही जाते, त्यामुळं लांब लहरींना ती जास्त ताठ लागते आणि बाजूचा घातांक 2 वरून सुमारे 1.2 वर येतो. म्हणजे बाजू दुप्पट केल्यावर 2.3 पट हवं. खोलीच्या तापमानाला हा परिणाम 40 अँगस्ट्रॉमच्या आसपासच सुरू होतो, तेव्हा 100 ला चौपट येणं खटकतं.

खरं दुखणं चौकटीत आहे. मूळ टर्सॉफमध्ये ग्राफीनचा बंध 1.46 भरतो. तुमची चादर जवळपास 3 टक्के आवळली गेलीय, म्हणून ती कमानीसारखी फुगलीय. कमानीची उंची बाजूच्या प्रमाणात, म्हणून वर्ग चौपट! आडव्या दोन्ही दिशांना शून्य दाब ठेवून एनपीटी (दाब आणि तापमान स्थिर, चौकटीचा आकार मोकळा) चालवा. उभ्या दिशेला दाब लावू नका, तिथं 50 अँगस्ट्रॉम पोकळी पुरे.

निपाणी_सिम: वेळही अपुरा आहे बघा. 100 अँगस्ट्रॉमच्या चादरीत सर्वांत लांब लहरीचा एक फेरा सुमारे 30 पिकोसेकंदांचा, 200 ला चौपट. तुमच्या 50 मध्ये अर्धा फेराही होत नाही. काही नॅनोसेकंद तरी द्या, आणि पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा रीस्टार्ट फाइल लिहीत राहा. एमएसडीला (सरासरी वर्ग-विस्थापन मोजणाऱ्या आज्ञेला) ‘कॉम यस’ (वस्तुमान-केंद्राचं सरकणं वजा करा) लावा, नाहीतर अख्खी चादर सरकलेलीही कंपनात मोजली जाते. संदर्भ म्हणून तापलेली एखादी स्थिती घेतलीत तर उत्तर दुप्पट येईल.

खानापूरकर: होय सर, चौकट बदलतो. पण प्रतलातला लॉग अनंतापर्यंत वाढतो, मग स्फटिक टिकतो कसा?

टिळकवाडी_भौतिकी: आकडा घालून बघा. ग्राफीनमध्ये बाजू दहापट केली की प्रतलातलं वर्ग-विस्थापन जेमतेम 0.0014 वर्ग अँगस्ट्रॉमनं वाढतं. एक मीटर चादरीतही विस्थापन 0.12 अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे बंधाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. शिवाय बंधांच्या दिशांची शिस्त लांबवर टिकते, हे भौतिकशास्त्रज्ञ मर्मिननं 1968 मध्येच दाखवलं. वितळण तपासताना म्हणूनच एकट्या अणूचं विस्थापन घेऊ नका, शेजारच्या अणूच्या तुलनेतलं घ्या. ते बाजूवर अवलंबून राहत नाही.