लिंबाची नवीन पानं पिवळी, फुलं गळतायत आणि आता बुंध्याला डिंक – नक्की बिघडलंय काय?

परसातली_माती:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा प्लीज, माझं डोकं आता चालेनासं झालंय. घरामागच्या मोकळ्या जागेत कलमी लिंबू लावलंय, चार वर्षं झाली, पाचेक फूट उंच आहे. मागच्या वर्षी वीसेक लिंबं आली होती म्हणून मी खूश. यंदा मात्र एक झालं की दुसरं. शेंड्याची नवीन पानं पिवळी येतायत, फक्त शिरा हिरव्या, म्हणजे हिरव्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखं दिसतं. काही कोवळी पानं वळलीयत आणि त्यावर गोगलगाय फिरून गेल्यासारख्या चंदेरी नागमोडी रेघा. खालच्या पानांवर काळी काजळी, बोट फिरवलं की बोटाला येते. फुलं एवढी आली की झाड पांढरं दिसत होतं, पण सगळी खाली, आणि जी वाटाण्याएवढी झाली तीपण टपाटप गळतायत. आणि काल बघते तर बुंध्याला मातीच्या जरा वर मधासारखा डिंक!!

केलेले उपाय: एप्सम सॉल्ट दोनदा, शेणखत भरपूर, नीमतेल तीनदा. पाण्यात अजिबात हयगय नाही, रोज संध्याकाळी एक बादली, आळं मुद्दाम बुंध्याला धरून खोल केलंय म्हणजे पाणी वाहून जात नाही. एकच गोष्ट चांगली आहे, एका बाजूने सरळसोट फांदी निघालीये, भरपूर काटे, तीन-तीन पानांचा जुडगा, दोन महिन्यांत बाकीच्या झाडाच्या वर गेली. निदान तेवढी तरी जोमात आहे.

हिरवागार७७:
एप्सम सॉल्ट चालू ठेवा, लिंबाला मॅग्नेशियम लागतंच. माझ्याकडे पानं पिवळी पडली होती, महिन्यात हिरवीगार झाली. आणि पाणी कमी करू नका, लिंबू तहानलेलं झाड आहे.

खुरपंबहाद्दर:
वरच्या प्रतिसादाशी मी सहमत नाही, आणि ताई तुम्ही आज संध्याकाळची बादली घालू नका एवढं आधी करा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

पिवळं पान म्हटलं की लोक लगेच खताच्या पिशवीकडे धावतात, पण आधी हे बघायचं की पिवळं कुठलं पान आहे, जुनं की नवीन. मॅग्नेशियम झाडाच्या आत फिरू शकतं, म्हणून कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्याला देतं. मग पिवळी पडतात खालची जुनी पानं, आणि तीही कडेकडून, देठापाशी हिरवा उलटा व्ही शिल्लक राहतो. हिरवागार यांचं तसंच झालं असणार म्हणून त्यांना गुण आला. नत्र कमी पडलं तरी जुनंच पान पिवळं पडतं, फक्त शिरांसकट सगळं फिकं. लोह मात्र एकदा पानात गेलं की तिथून हलत नाही, त्यामुळे टंचाई झाली की फटका थेट नव्या पालवीला. पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तुम्ही लिहिलंय अगदी तेच. जस्त कमी असेल तरी नवीनच पानं पिवळी येतात पण ती बारीक, अरुंद, झुपक्यात येतात.

आता लोह कमी म्हणजे मातीत लोह नाही असं समजू नका. बहुतेक मातीत ते ढिगाने असतं, मुळांना उचलता येत नाही. कारणं मुख्य दोन, एकतर माती किंवा पाणी चुनखडीचं असतं, पीएच (माती आम्ल की अल्कली याचं माप) साडेसातच्या वर गेला की लोह अडकून बसतं, नाहीतर मुळं सतत ओल्या चिखलात असतात आणि त्यांना श्वास घेता येत नाही. तुमचं रोजची बादली, खोल आळं, बुंध्याला डिंक हे सगळं एकत्र वाचलं की मला तरी यातलं दुसरं, चिखलाचं कारण दिसतं.

डिंक म्हणजे डिंक्या रोग असायची शक्यता सगळ्यात जास्त. फायटोप्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव, त्याचे बीजाणू चक्क पाण्यात पोहतात, आणि तुम्ही त्यांना रोज बुंध्यापर्यंत तलाव करून देताय (रागावू नका, मीपण पहिलं झाड असंच घालवलंय, तेही मोठ्या प्रेमाने).

खुरपं घ्या आणि बुंध्याजवळची माती हळूहळू बाजूला करा. कलमाचा जोड, म्हणजे खोडाला जिथे जरा फुगवटा किंवा वाक असतो तो दिसतोय का बघा. तो जमिनीपासून निदान अर्धा फूट वर हवा. आणि डिंक आहे तिथे साल नखाने जरा खरवडा, आत ओलं हिरवट-पांढरं असेल तर ठीक, तपकिरी आणि वास मारत असेल तर तसं सांगा.

नागअळी_नको:
मी कीड बघते, बाकी वरच्यांनी सांगितलंय.

चंदेरी रेघा = नागअळी, पान पोखरणारी. इवलासा पतंग कोवळ्या पानावर अंडं घालतो, अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये बोगदा करत फिरते. रेघेच्या टोकाला पान उजेडात धरून बघा, पिवळट ठिपका दिसेल, तीच ती. ती आत बसलेली असते म्हणून वरून मारलेलं औषध तिला फारसं लागत नाही, नीमतेलाचा उपयोग असलाच तर पालवी फुटत असतानाच. झाड मोठं असेल तर मी काहीही करत नाही, जून झालेल्या पानाला ती हात लावत नाही. आणि वळलेली पानं कापत बसू नका!! त्यातलं हिरवं अजून काम करत असतं, आणि कापलं की झाड पुन्हा कोवळी पालवी काढतं, म्हणजे नागअळीला नवीन पंगत. शेणखत भरपूर टाकलंय म्हणालात, त्यानेही पालवी वाढते.

काजळी हा रोग पानाचा नाहीच. वर कुठेतरी मावा, मिलीबग, खवलेकीड नाहीतर पांढरी/काळी माशी रस शोषतेय, तिचा गोड चिकटा खालच्या पानांवर पडतो आणि त्या चिकट्यावर बुरशी वाढते. म्हणून काळ्या पानाच्या वरच्या फांद्यांची पानं उलटी करून बघा. खोडावर मुंग्यांची रांग आहे का? असेल तर आधी तिचा बंदोबस्त, कारण मुंग्या चिकट्यासाठी या किडींची राखण करतात, मित्रकिडींना जवळ येऊ देत नाहीत. खोडाला कागदाची पट्टी गुंडाळून त्यावर चिकट पदार्थ लावायचा, थेट सालीला नाही, आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटायच्या नाहीतर मुंग्या तिकडून चढतात. मग पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने, दोन-तीन दिवसांनी परत. नीमतेल मारायचंच तर लिटरला ५ मिली, साबणाचे थोडे थेंब टाकून नीट घुसळून, ऊन उतरल्यावर. भर उन्हात मारलंत तर पानं भाजतील.

परसातली_माती:
बापरे. उकरलं. मातीखाली चार बोटं गेल्यावर तो फुगवटा सापडला, म्हणजे जोड पूर्ण गाडलेला होता, दरवर्षी शेणखत बुंध्यालाच टाकत गेले त्याने पातळी चढली बहुतेक. माती काळी, चिकट, मुठीत दाबली तर लाडू वळला आणि बोटांमधून पाणी आलं, आणि शेवटचं पाणी परवा घातलंय! डिंकाखालची साल तपकिरी आहे पण खोडाच्या एकाच बाजूला, साधारण तीन बोटं रुंद. आंबूस वास. मुंग्यांची रांगही आहे. रडू का आता?

खुरपंबहाद्दर:
रडू नका, एकाच बाजूला आहे म्हणजे वाचतं. सडलेल्या सालीने खोडाला पूर्ण वेढा घातला असता तर मी वेगळं बोललो असतो.

माती अशी बाजूला करा की जोड उघडा पडेल आणि मोठी मुळं जिथे फुटतात ती जागा जेमतेम दिसेल. धारदार चाकूने तपकिरी साल खरवडून काढा, कडेला निरोगी हिरवट साल लागेपर्यंत, आतलं लाकूड कोरू नका. एक-दोन दिवस वारा लागू द्या आणि मग बोर्डो पेस्ट. घरी करता येते, १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं भिजवून मग एकत्र ढवळायचं. चुना विझताना उकळतो, हळूहळू पाणी घाला आणि चष्मा-हातमोजे घालाच. झाल्यावर त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा, खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. त्याच दिवशी ब्रशने खोडाला दोन फुटांपर्यंत लावून टाका.

आळं बदला. बुंध्याभोवती मातीची उंच बांगडी करा, बुंध्याकडून उताराची, आणि पाणी तिच्या बाहेरच्या दुसऱ्या रिंगणात, फांद्यांच्या घेराखाली. अन्न घेणारी बारीक मुळं तिथेच असतात, वरच्या फूट-दीड फुटात, बुंध्याला पाणी घालून त्यांना काही मिळत नाही. पाणी तारखेने देऊ नका, बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या आणि तेव्हा भरपूर द्या.

लोह आत्ता लगेच नको, मुळं श्वास घ्यायला लागली की बरंचसं आपोआप सुटतं. दोन महिन्यांनी नवीन पालवी तरीही पिवळी आली तर चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थात बांधलेलं), आणि पाणी चुनखडीचं असेल तर त्या पदार्थाचं नाव ईडीडीएचए लिहिलेलंच घ्या, ईडीटीएवालं जास्त पीएचला टिकत नाही.

फुलगळीचं म्हणाल तर लिंबूवर्गीय झाडात शंभर फुलांतून एक-दोन फळं टिकली तरी ते नॉर्मल. वाटाण्याएवढी गळणं थोडं चालतंच, झाड आपलं ओझं कमी करतं. तुमच्याकडे जास्त गळतायत त्याला मुळंच कारण.

एकपानी_तीनपानी:
त्या जोमदार फांदीबद्दल कोणीच कसं बोललं नाही? ताई, ती लिंबाची फांदीच नाहीये. तीन पानांचा जुडगा म्हणजे खालचा खुंट, ज्याच्यावर तुमच्या लिंबाचा डोळा भरलाय (म्हणजे कलम बांधलंय) तो. जोडाच्या खालून निघते ती खुंटाची, काटेरी, सरळसोट, आणि झाडाचा सगळा जोर ओढून घेते. ठेवलीत तर काही वर्षांत लिंबू मरेल आणि खुंटाचंच झाड उभं राहील, फळं येतील ती बियांनी भरलेली कडू. (सगळे खुंट तीनपानी नसतात, जंबेरीची पानं साधीच असतात, म्हणून पानापेक्षा फांदी कुठून निघाली ते बघणं जास्त खात्रीचं.) कात्रीने अर्धी कापू नका, परत चार फुटतील, माती उकरलेलीच आहे तर मुळापाशी धरून सोलून काढा. सोलून निघणार नाही एवढी जाड झाली असेल तर मात्र खोडालगत सपाट कापा आणि महिन्याला नजर टाका, कोंब दिसला की अंगठ्याने मोडायचा.

परसातली_माती:
तिलाच मी सगळ्यांना दाखवत होते 😭

मोसंबीवेडा:
माझंही पिवळं आहे पण ठिगळं ठिगळं, शिरेच्या डावीकडे वेगळं उजवीकडे वेगळं. लोहच का?

खुरपंबहाद्दर:
नाही. खताच्या टंचाईत पानाच्या दोन्ही बाजू सहसा आरशात बघितल्यासारख्या सारख्या दिसतात. डावं-उजवं जुळत नसेल, एखादीच फांदी पिवळी असेल, फळं वेडीवाकडी आणि पिकूनही खालून हिरवी राहत असतील तर ग्रीनिंगचा संशय घ्यायचा. तो जिवाणूचा रोग आहे, सिला नावाची कीड पसरवते आणि त्यावर इलाज नाही. इथे फोटोवरून अंदाज करत बसू नका, जवळच्या कृषी खात्याला किंवा कृषी विद्यापीठात पान दाखवा. आणि त्या झाडाच्या काड्या कलमासाठी कोणाला देऊ नका.

परसातली_माती:
अपडेट, अडीच महिन्यांनी. काटेरी फांदी काढली, करंगळीएवढ्या मुळीसकट निघाली. पेस्ट लावली, डिंक परत आला नाही, जखमेच्या कडेने सालीची गोलसर नवीन किनार येतेय. पाणी आता पाच-सहा दिवसांनी, कधी कधी आठ. पहिले तीन आठवडे पानं अजून गळली तेव्हा माझा धीर सुटला होता, पण परवापासून तीन फांद्यांना नवीन पालवी आहे आणि ती पोपटी आहे, पिवळी नाही! नागअळीने त्यातल्या दोन पानांवर सही केलीच. मुंग्या बंद झाल्यावर काजळी पहिल्या पावसात धुऊन गेली. फक्त जुनी पिवळी पानं तशीच आहेत, तोडू का? आणि वाळका पाचोळा पसरायचाय तो बुंध्यापर्यंत चालेल का?

खुरपंबहाद्दर:
तोडू नका, झाड त्यातलं उरलंसुरलं काढून घेतं आणि मग स्वतःच टाकतं. पाचोळा तीन-चार इंच जाड चालेल पण बुंध्यापासून वीतभर लांब. शेणखताचंही तेच, आता परत जोड गाडलात तर मी इथे उत्तर देणार नाही 🙂