विजया तेल मागवण्याआधी

दादा, आईंच्या कंबरदुखीवर ऑनलाइन मिळणारं विजया तेल, म्हणजे भांगेच्या झाडापासून केलेलं तेल, चालेल का, परदेशात तर डॉक्टरच देतात, असं तुम्ही विचारलंय. मागवण्याआधी एवढं वाचा.

अमली पदार्थांबद्दलच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे या झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्यात येत नाहीत. म्हणून पानांची आयुर्वेदिक औषधं परवान्याने विकली जातात, पण ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची. परदेशाचं म्हणाल, तर कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१९ मध्येच प्रौढांच्या जुनाट दुखण्यासाठी टीएचसी (या झाडातला नशा आणणारा घटक) देऊ नका, सीबीडीही (नशा न आणणारा घटक) फक्त संशोधनापुरतं द्या असं सांगितलंय. नसांच्या दुखण्यात अशा औषधांनी काहींना थोडा आराम पडतो, सोबत चक्कर आणि गुंगीही येते. या वयात चक्कर येऊन पडणं किती महागात जातं! रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन चालू असेल तर फारच जपा, सीबीडीमुळे तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो.

आई वर्षानुवर्षं विड्या वळतात असं लिहिलंय तुम्ही. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागात घरोघरी हेच चालतं: मांडीवर सूप, मान खाली, पाठ वाकलेली, तासन्‌तास. ते बसणं तसंच राहिलं तर कुठलं तेल पुरणार? फिजिओथेरपिस्टला दाखवा, पाठीला भिंतीचा आधार द्या, मधूनमधून उठवा. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.