घड्याळात १७८, हिशेबात १६९: पळावं की थांबावं?

जुळेकर५१: वय ५१. तीन महिने झाले, पहाटे सोलापुरात कंबर तलावाकडे चालतो, मधे मधे पळतो. परवा शेवटी जरा जोर लावला तर घड्याळात ठोके १७८! २२० वजा वय केलं की माझी हद्द १६९ येते. छातीत काही नाही, दम लागला तेवढाच. पण बायकोनं घड्याळ बघितलं आणि पळणं बंद. एखादं चांगलं घड्याळ सुचवा, नाहीतर तिला सांगायला चांगलं कारण.

पार्कवाला: ते सूत्र १९७१ सालचं. इकडचे तिकडचे आकडे गोळा करून ओढलेली ढोबळ रेघ. २००१ मध्ये दुसरं आलं: २०८ वजा वयाचे ०.७ पट. त्यानं तुमचं १७२ होतं. पण दोन्ही सरासरीच ओ! एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. मी ५४ चा, सूत्रानं १६६. जीव काढून पळालो तरी १५८ च्या वर जात नाही. हा आकडा सरावानं वाढत नाही, वयाबरोबर उतरतोच. सरावानं सुधारतो तो सकाळी अंथरुणात मोजलेला ठोका.

भाकरीभक्त: आधी घड्याळाचा पट्टा बघा. सैल असला की ते पावलांचा तालच ठोके म्हणून मोजतं, आणि पळताना पावलं मिनिटाला १६०-१७० पडतातच. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. नवं घड्याळ नको, छातीवर बांधून ठोके मोजायचा पट्टा घ्या. आणि एप्रिलात उन्हं चढल्यावर मोजू नका, आपल्या उन्हात त्याच वेगाला ठोके जास्तच येतात.

गोळीवाले काका: बीपीची गोळी चालू आहे का? मी मेटोप्रोलॉल घेतो, ती ठोके दाबून ठेवते, त्यामुळे मला कुठलंच सूत्र लागू नाही. माझी पद्धत साधी: पाणी किती दिवसांआड आलं ही तक्रार पळता पळता अख्ख्या वाक्यात करता आली, तर वेग बरोबर. पण पन्नाशीनंतर जोर लावायचा तर आधी डॉक्टरांना विचारा, ते म्हणाले तर टीएमटी, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी, करा. शुगर असेल किंवा घरात कुणाला हृदयाचं असेल तर नक्कीच. आणि छातीत दाटलं, चक्कर आली तर तिथंच थांबायचं, घड्याळ बघत बसायचं नाही.

जुळेकर५१: गोळी नाही, पण वडिलांना हृदयाचा त्रास होता. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. पट्टा दोन बोटं वर घेऊन आज नुसता भराभर चाललो: १२४. बायकोला दाखवलं. म्हणाली, शनिवारपर्यंत एवढंच.