'व्हल्नरेबिलिटी'ला भेद्यता म्हणावं की फट?

अर्धविराम: प्रशिक्षण पुस्तिकेसाठी विंडोजच्या एका दोषाची सूचना मराठीत करतोय. सीव्हीई-२०२४-३८०६३ (सीव्हीई म्हणजे अशा दोषांचा नोंदणी क्रमांक), १३ ऑगस्ट २०२४, तीव्रता १० पैकी ९.८. टीसीपी/आयपी ड्रायव्हरमधला, म्हणजे नेटवर्कवरची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागातला दोष. आयपीव्ही६ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) वापरणारी, मुद्दाम घडवलेली पॅकेट्स, म्हणजे डेटाचे तुकडे, धाडून हल्लेखोर दुरूनच आपला कोड चालवू शकतो, वापरणाऱ्याला कशावर क्लिकही करावं लागत नाही. हल्ल्याला वाव देणाऱ्या अशा दोषाला, 'व्हल्नरेबिलिटी'ला, मी 'भेद्यता' लिहिलं. आमच्या मॅडम म्हणतात, कुणाला कळणार, 'खिंडार' करा. शिवाय 'वर्कअराउंड'ला, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत वेळ मारून नेण्याच्या युक्तीला, काय म्हणू?

जुनाखलाशी: खिंडार नको. खिंडार कुणीतरी पाडतं. वाचणाऱ्याला वाटेल, घुसून लूट झालीसुद्धा. आधीपासून असते ती फट.

टिंबटिंब: फट म्हणता ब्रह्महत्या! :)

शुद्धमती: अभेद्य, दुर्भेद्य बिनदिक्कत वापरता, मग भेद्यतेलाच नाकं का मुरडायची? रोज वापरा, रुळेल.

जुनाखलाशी: रुळेल हो, पण मोजणार कशी? 'या महिन्यात तीन भेद्यता सापडल्या' म्हणून बघा. भेद्यता हा गुण झाला. त्रुटी मोजता येतात, फटी मोजता येतात.

शुद्धमती: उद्या ड्रायव्हरलाही 'हाक्या' म्हणाल.

काथ्याकूट: वर्कअराउंडला 'पर्याय' मात्र लिहू नका, हात जोडतो. ऑक्टोबर २०२० मध्ये याच ड्रायव्हरमध्ये सीव्हीई-२०२०-१६८९८ निघाला होता. पॅच (दोष दुरुस्त करणारा अपडेट) लावेपर्यंत एक कमांड देऊन आयपीव्ही६ मधली एक सोय बंद ठेवा, असा सल्ला होता. आमच्या सूचनेत कुणीतरी 'पर्यायी उपाय' लिहिलं. लोकांनी कमांड दिली आणि पॅचला सुट्टी! पर्याय म्हटलं की दोन्हीतलं एक केलं तरी भागतं. मी 'तात्पुरती सोय' लिहितो.

टिंबटिंब: आयपीव्ही६ बंद केल्यावर विंडोजचे काही भाग रुसू शकतात, मायक्रोसॉफ्टच सांगतं. तात्पुरती गैरसोय म्हणा.

काथ्याकूट: आणि २०२४ च्या सूचनेत 'आयपीव्ही६ अडवा' लिहिलं असेल तर खोडा. विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये (नको ती ये-जा रोखणाऱ्या पहारेकऱ्यात) अडवून उपयोग नव्हता, कारण पॅकेट फायरवॉलपर्यंत पोचण्याआधीच घोळ होत होता. 'बंद करा' हेच क्रियापद हवं. नामांवर भांडता, खरा अर्थ क्रियापदात सांडतो.

शुद्धमती: हे पटलं. पण मग पॅच तरी का? ठिगळ म्हणा ना.

जुनाखलाशी: ठिगळात दारिद्र्य दिसतं. 'आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार', हे वाचून अपडेट कोण लावेल?

शुद्धमती: पूर्वी प्रोग्रॅम छिद्रांच्या कागदी पट्टीवर असायचा तेव्हा चुकीच्या भोकावर खरोखर तुकडा चिकटवत. पॅच आला तिथूनच. ठिगळ अगदी शब्दशः बरोबर आहे.

टिंबटिंब: मला 'डागडुजी' आवडतं.

जुनाखलाशी: डागडुजी घराची होते, ड्रायव्हरची नाही.

टिंबटिंब: का नाही? भांड्याला डाक लावतात, त्या 'डाक'चाच 'डाग' झाला असणार. म्हणजे धातूचं काम, यंत्राला शोभतं.

शुद्धमती: 'असणार' म्हणजे? पुरावा? आणि 'दुजी' कुठून आली?

टिंबटिंब: दुसऱ्यांदा केलेली, म्हणून दुजी.

शुद्धमती: हरे राम.

अर्धविराम: पण 'भेद्यता' ठेवू की नको?

जुनाखलाशी: थांबा हो, आधी हे 'दुजी'चं मिटू दे.