मदत हवी आहे: फँटसी मँगात नवेपणा नेमका कशातून येतो?

मी एका साहसी फँटसी मँगाची (जपानी शैलीच्या चित्रकथेची) कथा रचतोय. तलवारी, ड्रॅगन, राक्षसांचा राजा हे सगळं वाचकांना पाठ आहे. तरी २०२० मध्ये सुरू झालेली ‘फ्रीरेन’ ही मँगा ताजी वाटते, कारण तिची गोष्ट राक्षसराजाला हरवल्यानंतर सुरू होते आणि हजाराहून जास्त वर्षं जगलेल्या नायिकेला दहा वर्षांचा प्रवास क्षणभराचा वाटतो. नवे प्राणी शोधण्यापेक्षा पात्राची नजर बदलणं मला फार मोलाचं वाटतं.

माझ्या कथेत जादू केली की करणाऱ्याची एक आठवण पुसली जाते. ही किंमत संवादांशिवाय, फक्त चौकटींतून कशी जाणवून द्यावी? आणि हा नियम पहिल्याच प्रकरणात उघड करावा की वाचकाला हळूहळू उमजू द्यावा? कुणी असं काही रेखाटलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.